ढोलकी झाडीपट्टीची, चाली दहा दिशांच्या

भाऊबीज आटोपली की भंडारा जिल्ह्यातल्या गावांत मंडया भरू लागतात. आज या गावी, उद्या शेजारी, परवा वैनगंगेच्या पलीकडे. तारखा एकमेकींवर आदळू नयेत अशा बेताने ठरवल्या जातात, कारण पाहुणे तेच, दुकानदार तेच आणि कलावंतही तेच. हलके धान कापून झालेले असते, भारी धान अजून बांधीत उभे असते. या मधल्या उसंतीत लेकी-जावई आणि सोयरेधायरे गावात येतात. तळ्यातले शिंगाडे, ऊस, भजी, जिलेबी यांची दुकाने लागतात, उपवर मुलामुलींच्या सोयरिकींची बोलणी निघतात. गोवारी मंडळी मोरपिसांनी सजवलेली उंच ढाल नाचवत आणतात. आणि चौकात ढोलकी कडाडली की पाराजवळची माणसे आपसूक उठून तिकडे सरकू लागतात. कुठल्या शाहिराची पार्टी आली आहे, हे गावाला आठवडाभर आधीपासून ठाऊक असते.

ही पार्टी खडी गंमत करते. पश्चिम महाराष्ट्राला जसा ढोलकीफडाचा तमाशा, तशी पूर्व विदर्भाला, म्हणजे झाडीपट्टीला, खडी गंमत. भंडारा, गोंदिया आणि नागपूर जिल्ह्यांचा पूर्वभाग हा तिचा मुलूख. पडदा नाही, विंग नाही, नेपथ्य नाही. मंच असला तर असला. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, मागून गाणारे झीलकरी सगळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभेच. आधी गण, मग गौळण, लावण्या आणि शेवटी वग. वगाच्या कथेचा सांगाडा साऱ्यांना माहीत असतो, संवाद मात्र उभ्या उभ्या रचले जातात. त्यामुळे गावच्या सोसायटीतला ताजा घोटाळा किंवा सरपंचाची नवी गाडी पुराणातल्या राजाच्या दरबारात सहज शिरते. सोंगाड्या ते काम करतो, आणि ज्याच्यावर बोलणे आले त्याने चारचौघांत रागवायचे नसते.

या संगीताची बांधणी समजून घ्यायची तर आधी ढोलकीकडे पाहावे. तिच्या एका तोंडाला शाई असते आणि ते शाहिराच्या पट्टीशी मिळवून घट्ट ताणलेले असते. दुसऱ्या तोंडाला आतून मसाला लावलेला असतो, त्यातून घुमारा निघतो. म्हणजे एकाच वाद्यातून बोल आणि खर्ज दोन्ही मिळतात. शेजारी तुणतुणे. पोकळ लाकडी नळकांडे, तळाला कातडे, बाहेर बांबूची काठी आणि एकुलती एक तार. सूर धरणे आणि लय टोचत राहणे ही दोन्ही कामे तीच तार करते. टाळ, डफ, कुठे चोनके आणि अलीकडच्या काही पिढ्यांपासून पेटी. एवढ्या सामानावर मैदान भरायचे असते. माईक नव्हते त्या काळात ढोलकीच्या वर आवाज काढल्याशिवाय शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचणेच शक्य नव्हते. शाहिरांची चढी पट्टी ही मैदानाची गरज होती, पुढे तीच या गाण्याची ओळख झाली. आता प्रत्येक मंडईत माईक आहे, तरी पट्टी खाली आलेली नाही.

स्त्रीभूमिका पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीच केल्या. लुगडे नेसून, घुंगरू बांधून उभा राहणारा नाच्या हा पार्टीतला कुशल कलावंत असे. त्याचे हावभाव, त्याची चाल यांच्यावर पार्टीचा भाव ठरे. गेल्या काही दशकांत अनेक पार्ट्यांत स्त्री कलावंत आल्या. जुने रसिक यावर कुरकुरतात. त्यांचे म्हणणे असे की, नाच वाढला आणि सवालजवाब आटले. या तक्रारीत तथ्य आहे, पण तिचे खापर स्त्रियांवर फोडण्याचे कारण नाही. सवालजवाब आटले ते पुराणे मुखोद्गत असणारे शाहीर कमी झाले म्हणून.

सवालजवाब ही या कलेची खरी ताकद. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या केल्या की ती झाली दुय्यम खडी गंमत. एका शाहिराने पुराणातला किंवा अध्यात्मातला कूटप्रश्न काव्यात टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच वजनात उत्तर बांधायचे आणि वर उलट प्रश्न टाकायचा. उत्तर चुकले की पुढच्या मंडईपर्यंत गावोगाव चर्चा. चार इयत्ता शिकलेल्या शाहिराकडेही हाताने लिहिलेल्या जाडजूड वह्या असतात. गुरूकडून उतरवून घेतलेल्या, जीवापाड जपलेल्या. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरूचे आणि आपले नाव गोवायचे, ही त्यातली शिस्त. रागदारी गायकांच्या घराण्यांवर मराठीत ग्रंथांमागून ग्रंथ निघाले. या गुरुपरंपरांकडे मात्र फारच थोड्यांनी वळून पाहिले.

दुय्यमातले दोन पक्ष म्हणजे कलगी आणि तुरा. तुरेवाले शिवाचे, पुरुषतत्त्वाचे श्रेष्ठत्व सांगतात; कलगीवाले शक्तीचे, मायेचे. आता ही भांडणे भंडाऱ्यात उपजली असे कुणी म्हणेल, तर त्याला थोडे फिरवून आणले पाहिजे. कोकणात जाखडी नाचणाऱ्यांत हेच दोन पक्ष आहेत. तिथे त्याला शक्तीतुराही म्हणतात. उत्तर कर्नाटकातल्या कानडी लावणीतही कलगी-तुरा आहे. राजस्थानात चित्तोडच्या बाजूला तुर्रा-कलंगी नावाचा ख्यालनाट्याचा प्रकार आहे. आग्रा-हाथरसकडच्या लावणीबाजांचे आखाडेही याच दोन नावांनी विभागलेले होते, आणि त्यांच्या गाण्याने पुढे नौटंकीला रसद पुरवली. उत्तरेकडची परंपरा सांगते की, तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांच्या वादावर खूश होऊन चंदेरीच्या राजाने एकाला आपल्या पागोट्याचा तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण एक गोष्ट तिच्यातून स्पष्ट होते. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या चौकात आज जो वाद रंगतो, त्याचा एक पक्ष हिंदू गोसाव्याकडून आणि दुसरा मुसलमान फकिराकडून आला, असे ही परंपरा स्वतःच सांगते.

पूर्वेकडचे नाते तर आणखी जवळचे आहे. भंडाऱ्याहून मुंबई-हावडा लोहमार्गाने गोंदिया ओलांडले की थोड्याच वेळात छत्तीसगडातले राजनांदगाव येते. तिथल्या लोकनाट्याला नाचा म्हणतात आणि नाचातल्या विनोदी प्रसंगांना गम्मत. नाचाच्या जुन्या रूपाला ‘खडे साज’ म्हणत, कारण वादक वाद्ये कमरेला बांधून मशालींच्या उजेडात उभ्याने वाजवत. पुरुषच स्त्रीवेष घेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस राजनांदगावजवळच्या रवेली गावच्या दाऊ मंदराजी यांनी रवेली नाचा पार्टी उभी केली, वादकांना खाली बसवले आणि चिकारा या तंतुवाद्याच्या जागी हार्मोनियम आणली. पुढे हबीब तन्वीर यांनी याच नाचातल्या कलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ हे नाटक जगभर नेले.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य अठराव्या शतकात छत्तीसगडावर पसरले होते. फौजेबरोबर शाहीर गेले असतील, बाजारपेठेबरोबर नाचे आले असतील, पण कुणी कुणाला काय दिले याचा हिशेब आता लागणार नाही. एवढे मात्र दिसते की, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच तऱ्हेचे उभे नाट्य वाढले. एका बाजूला ते बसले, दुसऱ्या बाजूला उभेच राहिले.

पेटीची कहाणी अशीच लांबची. अलेक्झांडर दबॅं याने १८४० साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले; तिथे ती पायाने वारा भरून, खुर्चीवर बसून वाजवत. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याची, जमिनीवर बसून वाजवण्याजोगी पेटी तयार केली. १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने तिला परकी म्हणून बंदी घातली. खेड्यांनी असली काही बंदी पाळल्याचे दिसत नाही. भजनात, कीर्तनात, गंमतीत पेटी वाजत राहिली, आणि आज ‘आमचे पारंपरिक वाद्य’ म्हणून शाहीर तिच्याकडेच बोट दाखवतात. मुंबईत आणि कोकणात मिरवणुकीपुढे वाजणारा बेंजोही मुळात जपानचा ताईशोगोतो आहे. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी तो १९१२ साली तयार केला.

झाडीपट्टीतले सगळ्यात जुने सूर मात्र रेल्वेने किंवा फौजेने आलेले नाहीत. ते इथल्या जंगलातले. मराठ्यांच्या आधी हा मुलूख गोंड राजांचा होता. गोंडांचे गायक म्हणजे परधान. यजमान गोंड घराण्यांच्या कुळकथा, राजांची चरित्रे आणि बडादेवाची स्तुती बाना किंवा किंगरीच्या साथीवर गाणे हा त्यांचा वंशपरंपरागत हक्क आणि कर्तव्य. बाना हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य, आणि परधानांच्या समजुतीप्रमाणे देवच त्यात वस्तीला असतो. या गायकांवरचे पहिले मोठे पुस्तक एका मराठी माणसाने लिहिले. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांमध्ये वर्षानुवर्षे राहून १९४६ साली ते प्रसिद्ध केले. यजमान गरीब झाले, दान आटले, तसा बाना अनेक घरांत खुंटीला गेला. त्याच परधानांतल्या जनगढसिंह श्याम यांनी १९८० च्या दशकात भोपाळला कुंचला हाती घेतला आणि गाण्यातले देव कागदावर उतरवले. आज दिवाणखान्यांत टांगली जाणारी ‘गोंड चित्रे’ अशी एका गायक जमातीची आहेत, हे ती विकत घेणाऱ्या थोड्यांनाच ठाऊक असते.

गोंडी मुलखाचा ठसा दंडारीवरही आहे. दिवाळीच्या सुमारास भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चारही जिल्ह्यांत शेतकरीच दंडार उभी करतात. टिपऱ्या, ढोलकी, टाळ, गोल रिंगणातला नाच आणि मध्ये मध्ये सोंगे. यातूनच पुढे परसंगी दंडार, म्हणजे एखादा कथाप्रसंग धरून केलेली दंडार निघाली आणि तिने झाडीपट्टीच्या नाटकाची वाट तयार केली. दक्षिणेला आदिलाबादच्या राजगोंडांत याच हंगामात दंडारी निघते आणि तिच्यात मोरपिसांचे भव्य टोप घातलेले गुसाडी नाचतात. तिथल्या मार्लवाईच्या कनक राजू यांना गुसाडीसाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. काळ तोच, मोरपीस तेच, रिंगण तेच. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांचा अभ्यास हे आयुष्याचे काम मानले. दंडार, खडी गंमत, डाहाका, भिंगीसोंग ही नावे मराठी अभ्यासकांच्या कानांवर पडली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

अशीच सरमिसळ दुसरीकडेही दिसते; ती पाहायला आता थोडे लांब जाऊ. अमेरिकेच्या केंटकी राज्यात रोझीन नावाच्या खेड्यात १९११ साली बिल मनरो जन्मला. आठ भावंडांत धाकटा. फिडल आणि गिटार थोरल्यांनी आधीच बळकावल्यामुळे त्याच्या वाट्याला मॅंडोलिन आले. पेन नावाचा मामा गावोगावच्या नाचांना फिडल वाजवायला जाई, हा पोर त्याच्या मागे. त्याच नाचांत आर्नल्ड शुल्झ हा कृष्णवर्णीय खाणकामगार गिटार वाजवी. त्याच्याकडून मनरोने ब्लूज उचलला. १९४५ च्या अखेरीस मनरोच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’मध्ये अर्ल स्क्रग्ज हा तीन बोटांनी वेगात बॅंजो वाजवणारा तरुण दाखल झाला, आणि जगाला ब्लूग्रास नावाचा बाज मिळाला. अॅपलेशियन डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचे शेकडो वर्षांचे शुद्ध संगीत अशी त्याची ख्याती आहे. प्रत्यक्षात ते रेडिओवर वाढले. फिडलच्या चाली स्कॉटलंड-आयर्लंडच्या, बॅंजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा, मॅंडोलिन इटलीचे, हुंदका ब्लूजचा आणि चार आवाजांतले गाणे चर्चमधले.

ही भेसळ पुष्कळांच्या डोळ्यांआड राहिली, कारण शोधणारे आधीच ठरवून आले होते. १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक त्या डोंगरांतून फिरला. जुनी इंग्लिश कथागीते शोधायची होती, ती त्याने शोधली. तिथल्याच कृष्णवर्णीय गायकांकडे बहुतेक फिरकला नाही. पुढे १९२७ साली ब्रिस्टल गावी राल्फ पीअर याने कार्टर कुटुंबाच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि कंट्री संगीताचा धंदा उभा राहिला. या कुटुंबातला ए. पी. कार्टर गाणी जमवायला खेडोपाडी हिंडे तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच्यासोबत असे. कार्टर शब्द लिहून घेई, चाली रिडलच्या डोक्यात राहत. तबकडीवर नाव कार्टर कुटुंबाचे.

झाडीपट्टीतही असे एकाच डोळ्याने पाहणारे आहेत. कुणाला खडी गंमत ही पेशवाई लावणीची पूर्वेकडे पोचलेली शाखा वाटते, कुणाला ती अस्सल आदिवासी कला म्हणूनच हवी असते. दोघांनाही आपल्याला नको असलेले अर्धे सूर ऐकूच येत नाहीत. ज्या भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला बालाघाट, ज्याच्या गावांत झाडीबोली, पोवारी आणि गोंडी शेजारी शेजारी बोलल्या जातात आणि जो आधी मध्यप्रांताचा आणि मग १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाचा भाग होता, तिथले गाणे एकाच मुळाचे असेल अशी अपेक्षाच चुकीची.

मनरोच्या संगीतात जी जागा चर्चच्या गाण्यांना, ती इथे भजनाला आहे. यावलीचे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजेरीवर भजने म्हणत विदर्भभर फिरले. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. पुढे १९४२ च्या चळवळीत त्यांच्या भजनांचा सरकारने इतका धसका घेतला की त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. हिंदी-मराठीत सारख्याच सहजतेने रचलेली ती भजने भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांच्या भजनी मंडळांत रुजली. अनेक झीलकऱ्यांचा गळा आधी या मंडळांत तयार होतो आणि मग तो शाहिराच्या मागे उभा राहतो. खंजेरी एका हातात मावते आणि परवडते. नवख्या मुलाच्या हाती पहिले वाद्य तेच येते.

आजची स्थिती काय? गावच्या वर्गणीसाठी खडी गंमतीची थेट स्पर्धा झाडीपट्टीच्या नाटकाशी आहे. देसाईगंज-वडसा हे त्याचे मोठे ठाणे. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या कंपन्या रात्रभराची संगीत नाटके घेऊन फिरतात. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ ची पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. नाटकाला मोठी वर्गणी जमते, गंमतीला उरलेली. त्यात डीजे. शासनाने व्यसनमुक्ती, स्वच्छता वगैरे मोहिमांसाठी शाहिरांना काम दिले, त्याने काही घरे चालली. पण घोषणा आधी हातात देऊन नंतर मागवलेले गाणे शाहिराच्या जिभेवर चढत नाही, हे ऐकणाऱ्याला पहिल्या कडव्यातच कळते. ज्येष्ठ कलावंतांसाठीचे मासिक मानधन आता ५००० रुपये आहे. ते हवेच, पण ते गाणे सोडलेल्या माणसाला आधार देते. गाणे चालू राहायचे तर विशी-पंचविशीतल्या पोरांना मंडईची सुपारी मिळायला हवी.

आणखी एक आक्षेप नेहमी येतो: शाहीर सिनेमाच्या चाली उचलतात. उचलतात, आणि पूर्वीही उचलत. कीर्तनातून, कव्वालीतून, नाचातून आलेल्या चालींवर आपले शब्द बसवूनच ही कला इथवर आली आहे. चाल कुठून आली यापेक्षा तिच्यावर बांधलेला सवाल किती अवघड आहे, हे पाहावे. फिल्मी चालीवरही समोरच्या शाहिराला घाम फुटेल असा प्रश्न टाकता येतो. तो टाकणारे कमी होत आहेत, ही काळजीची बाब.

म्हणून वातानुकूलित सभागृहातल्या वीस मिनिटांच्या ‘लोककला दर्शना’पेक्षा दोन कामे अधिक उपयोगाची आहेत. एक, मंडई समित्यांनी एकट्या पार्टीऐवजी दुय्यम ठेवावे. समोर प्रतिस्पर्धी असला की शाहीर वह्या उघडतो. दुसरे, त्या वह्यांची पाने महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी शाहिरांच्या संमतीने आणि त्यांच्याच नावाने छायांकित करून ठेवावीत. वाळवी आणि वाटण्या यांतून जेवढ्या वाचल्या आहेत तेवढ्या तरी.

ज्यांना हे प्रत्यक्ष ऐकायचे असेल त्यांनी भाऊबीजेनंतरचे दोन-तीन आठवडे मोकळे ठेवावेत. नागपूरहून भंडारा साठ-पासष्ट किलोमीटर, तिथून त्याच महामार्गाने साकोली आणखी चाळीसेक. कुठल्या गावी कधी मंडई आहे हे बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर कळते. रात्री थंडी असते, पांघरूण सोबत असावे. खडी गंमतीला तिकीट नसते. आवडलेल्या जागेला शाहिराच्या हातावर बक्षिसाची नोट ठेवायची रीत मात्र आहे, तेव्हा खिशात सुटे पैसे असू द्यावेत.